वाकचोच्याची नऊ पिसं

१

"पाकिटं खोटी आहेत, बे साहेब," प्राध्यापक नामगुंग म्हणाला. "सगळी नाहीत. गेल्या उन्हाळ्यातली नऊ. पण नऊ खोटी निघाली की मागच्या दहा वर्षांवर तरी कोण विश्वास ठेवणार?"

बे इल्दोने त्याच्यापुढे जवाचा चहा ठेवला आणि समोर बसला. चार महिन्यांपूर्वी त्याची बायको सुन्ये गेली, तेव्हापासून त्याने घरातली एकच खोली तापवायला ठेवली होती. पाहुणा आला तरी तिथेच, अंथरुणाची घडी बाजूला सारून बसवावा लागे. नालदो बेटावर फेब्रुवारीत पाहुणे फारसे येतही नाहीत. हा सकाळच्या बोटीने आला होता आणि उद्या दुपारच्या बोटीने जाणार होता.

"खोटी म्हणजे काय?" इल्दोने विचारलं. तो सागरी पोलिसांत एकतीस वर्षं होता. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी बेटावर त्याला सगळे हवालदारच म्हणत. खोटं म्हणजे काय, हे आधी विचारून घ्यायची त्याची सवय सुटली नव्हती.

"दोन गोष्टी. पाकिटांवरच्या तारखा अशक्य आहेत. आणि पिसं इथली नाहीत."

नामगुंगने पिशवीतून नऊ लहान तपकिरी पाकिटं काढून जमिनीवर ओळीने मांडली. प्रत्येकावर क्रमांक, तारीख आणि खाली सुन्येच्या नावाचा लाल शिक्का. तो शिक्का इल्दोने तिला मोक्पो शहरातून कोरून आणला होता.

"परवा जिल्ह्याच्या कचेरीत सुनावणी आहे," नामगुंग म्हणाला. "ही चिखलपट्टी राखायची की बांध घालून भरायची, ते ठरेल. आमचा सगळा अर्ज काकूंच्या पिसांवर उभा आहे. उद्यापर्यंत उलगडा झाला नाही तर अकराही वर्षांची पिसं मला स्वतःहून मागे घ्यावी लागतील. आणि कारण लिहावं लागेल."

"काय लिहिणार?"

नामगुंगने कपाकडे बघितलं. तो वाईट माणूस नव्हता. सुन्येच्या अंत्यविधीला तो दिवसभर वाऱ्यात उभा होता.

"पिसं गोळा करणाऱ्या बाईंनी फसवणूक केली, असं," तो म्हणाला. "दुसरं काय लिहिता येईल, तुम्हीच सांगा."

२

वाकचोच्या हा कोंबडीएवढा चिखलातला पक्षी. चोच वीतभर लांब आणि खाली वळलेली, म्हणून बेटावर त्याला हे नाव. उन्हाळ्यात उत्तरेकडे अंडी घालून तो परत फिरतो आणि दक्षिणेकडे जाताना वाटेत नालदोच्या चिखलात उतरतो. तो इथे नुसता पोट भरून पुढे जातो की महिना-दोन महिने राहतो, एवढाच प्रश्न होता. नुसता जात असेल तर चिखल भरला तरी चालेल, असं कचेरीचं म्हणणं. राहत असेल तर नाही.

पक्ष्याला विचारता येत नाही, पण त्याच्या पिसाला विचारता येतं. हे सुन्येने इल्दोला पहिल्याच वर्षी समजावलं होतं. पीस नखासारखं असतं. वाढत असतं तेव्हा पक्षी जे खातो ते त्यात उतरतं. वाढून झालं की ते निर्जीव. मग पक्षी जगात कुठेही जाऊ दे, पीस जिथे उगवलं त्या जागेची खूण त्यात राहते. वाकचोच्या दर वर्षी पंखांची जुनी पिसं टाकतो आणि नवी काढतो. म्हणजे यंदा इथे पडलेलं पीस हे गेल्या वर्षी उगवलेलं. त्यात नालदोच्या चिखलाची खूण निघाली, तर पक्षी गेल्या वर्षी इथे पीस उगवण्याइतका राहिला होता, हे ठरलं. दहा वर्षं तशीच खूण निघत आली होती.

"या नऊंत नाही," नामगुंग म्हणाला. "ती खूण म्हणजे पिसातला नायट्रोजन. दहा वर्षांचा त्याचा आकडा एका पट्ट्यात बसतो. ही नऊ पिसं त्याच्या कितीतरी वर आहेत. इतका आकडा शहराच्या गटाराचं पाणी जिथे समुद्राला मिळतं तिथे सापडतो. मला वाटतं, काकूंना जाववत नव्हतं. त्यांनी कोणाकडून तरी दुसऱ्या किनाऱ्यावरची पिसं मागवली आणि पाकिटं भरली."

"आणि तारखा?"

"तुम्हीच वाचा."

इल्दोने चष्मा लावला. आधी महिना, मग दिवस. ६/१६. ६/१७. ६/२. ६/३. ६/१७. ६/१८. ७/२. ७/३. ७/१६. आकडे वाकडेतिकडे होते. आजारी हाताचे, असं त्याला वाटलं आणि त्याने डोळे बाजूला घेतले.

"जून महिन्यात वाकचोच्या इथे नसतोच," नामगुंग म्हणाला. "तो घरट्यावर असतो. आणि क्रमांक बघा. दुसऱ्या पाकिटावर सतरा जून, तिसऱ्यावर दोन जून. काळ मागे जात नाही ना. घरी बसून मनाने तारखा टाकणारा माणूस असाच चुकतो."

इल्दोने एक पाकीट उचलून उजेडात धरलं. झाकणाच्या कडेला काहीतरी पांढरं, वाळून चपटं झालेलं चिकटलं होतं. त्याने नखाने खरवडलं. भाताचं शीत होतं.

"हो, सगळ्या नऊंवर आहे," नामगुंग म्हणाला. "प्रयोगशाळेतली माणसं हसली. जेवताना पाकिटं भरली म्हणाली."

सुन्ये पोस्टात अठ्ठावीस वर्षं होती. डिंकाच्या बाटलीशिवाय तिने आयुष्यात पाकीट बंद केलं नव्हतं. इल्दोने हे मनात ठेवलं आणि डोक्यावर लोकरी टोपी चढवली.

"बसा," तो म्हणाला. "चूल विझू देऊ नका. मी जरा गावात जाऊन येतो."

३

सरपंच योम जोंगथेक कोळंबीच्या तळ्यावर होता. पाच तळी, सगळी त्याची. चिखल भरला तर आणखी बारा होणार होती, म्हणून बांध व्हावा असं त्याला सगळ्यांत जास्त वाटे.

"या हवालदार. बऱ्याच दिवसांनी घराबाहेर पडलात," योम म्हणाला. "मला वाटलं, तुम्ही पण गोगलगाईसारखं घर पाठीवर घेऊनच बसलात."

"पाकिटांचं ऐकलंस?"

"ऐकलं. बोट लागायच्या आत बातमी लागते इथे." योमने हातमोजे काढले. "खरं सांगू? मला वाईट वाटलं. वहिनींशी माझं भांडण होतं, पण समोरासमोर होतं. त्यांनी मला तोंडावर चोर म्हटलंय, मी त्यांना पक्षीवेडी म्हटलंय. पाकीट बदलण्याएवढा मी खाली गेलेलो नाही. तेच विचारायला आलात ना?"

"तेच. टपाल तुझ्या ऑफिसातून जातं."

"जातं. पेटी बांधलेली येते, तशीच बोटीवर चढते. आणि मला वेळ कुठाय असल्या उद्योगांना? गेल्याच्या आधीच्या उन्हाळ्यात रोग आला तेव्हा विचारा माझे हाल. सगळी कोळंबी पालथी. दुसरा असता तर रडत बसला असता. मी एका दिवसात पाचही तळी कोरडी केली, चुना मारला, दोन महिन्यांत परत बी सोडलं. कचेरीने पाठ थोपटली माझी."

"एका दिवसात?"

"एका दिवसात."

इल्दो परत फिरला. त्या वर्षी ऑगस्टमध्ये तो ज्या मासळीच्या बोटीवर इंजिन सांभाळायचा, तिची पाण्याची जाळी हिरव्या बुळबुळीत गाळाने तुंबली होती. दोन दिवस तो ती उपसत होता. तेव्हा त्याने त्याचा फार विचार केला नव्हता. आता बांधावरून चालताना तो थांबला आणि मागे वळून तळ्यांचं दार कुठे उघडतं ते बघितलं. ते सरळ चिखलात उघडत होतं.

एक गाठ सुटल्यासारखी वाटली. पण काळ मागे कसा गेला, हे अजून कळलेलं नव्हतं.

४

बोंगिम अक्का पडवीत बसून दाराच्या चौकटीला, काचेऐवजी असतो तो, नवा कागद लावत होती. सत्त्याहत्तर वर्षांची बाई, पण अजूनही चिखलफळीवर एक गुडघा टेकवून, दुसऱ्या पायाने ढकलत, भरतीच्या आत शिंपले घेऊन येणारी. सुन्येची ती सगळ्यांत जवळची.

"ये हवालदार. जेवलास?"

"जेवलो."

"खोटं बोलतोस. गालफडं बघ. कालवांचा भात आहे, बस."

त्याने नको म्हटलं तरी वाडगं आलं. चार महिन्यांत कोणी समोर बसून त्याला खाताना बघितलं नव्हतं.

"अक्का, सुन्ये गेल्या उन्हाळ्यात चिखलात जात होती ना?"

बोंगिमचा हात चौकटीवर थांबला नाही. "जात होती की. तूच बूट धुवायचास ना तिचे? मग मला काय विचारतोस?"

"कोणासोबत जायची?"

"मला काय ठाऊक. मी माझ्या शिंपल्यांना जाते. पक्ष्यांचं शास्त्र मला कळत नाही." तिने बोटाने कागदाची कड दाबली. "त्या मास्तराला सांग, मेलेल्या बाईच्या मागे लागू नये. तिला नीट नेसवून पाठवलीय मी. तागाचे कपडे माझ्या हाताने शिवलेले. एक टाका वाकडा नाही."

"कधी शिवलेस?"

"कधी म्हणजे? अधिक महिन्यात. दुसऱ्या कुठल्या महिन्यात शिवतात का अंगावरचे शेवटचे कपडे? अधिक महिन्यात शिवले की माणूस उलट जास्त जगतो. म्हणून तर शिवले मी. तिला म्हटलं, आता तू मला पोचवूनच जाशील." ती थांबली. "नाही झालं तसं."

इल्दोने वाडगं खाली ठेवलं.

"अक्का, गेल्या वर्षी अधिक महिना कुठला आला होता?"

"सहावा. पण तू असा पांढरा का पडलास?"

तो उठला आणि बूट घालून चालू लागला. ती मागून काहीतरी म्हणत होती, ते त्याला ऐकू आलं नाही.

५

मासळीची बोट हिवाळ्यासाठी धक्क्याला बांधून ठेवलेली होती. चाव्या त्याच्याकडेच होत्या. केबिनच्या खणात गेल्या वर्षीचं भरती-ओहोटीचं पुस्तक होतं. त्यात प्रत्येक तारखेपुढे बारीक अक्षरांत तिथी छापलेली असते. बेटावर चंद्राचा महिना अमावास्येला सुरू होतो. दोन-तीन आणि सोळा-सतरा या दिवसांत समुद्राला उधाण येतं. हे बेटावरच्या शेंबड्या पोरालाही कळतं, आणि तो सकाळपासून ते आकडे समोर घेऊन बसला होता.

दोन, तीन. सोळा, सतरा, अठरा. नऊच्या नऊ पाकिटं उधाणाच्या दिवसांची होती. तारखेने लिहिलं असतं तर भरती दर महिन्याला पुढेमागे सरकली असती. तिथीने लिहिलं की ती जागची हलत नाही. आणि पिसं उधाणातच गोळा होतात. तेव्हा सगळा चिखल बुडतो, वाकचोचे खाडीपलीकडच्या वाळूच्या पट्टीवर दाटीने उभे राहतात, आणि पाणी उतरलं की पट्टीवर पिसं पडलेली असतात.

तो पुस्तकावरून बोट फिरवत गेला. सहाव्या महिन्याचा सोळावा दिवस म्हणजे दहा जुलै. सतरावा, अकरा जुलै. मग तो महिना संपला आणि सहावाच महिना पुन्हा लागला. अधिक सहावा. त्यातला दुसरा दिवस, सव्वीस जुलै. सतरावा, दहा ऑगस्ट. शेवटचं पाकीट सात सप्टेंबरचं. काळ मागे गेलाच नव्हता. सहावा महिना दोनदा आला होता.

त्याने पुस्तक मिटलं. आनंद व्हायला हवा होता. पण पोलिसातली जुनी सवय त्याला तिथेच धरून बसली. सुन्येने तारखेचा शिक्का अठ्ठावीस वर्षं हातात धरला होता. दहा वर्षांच्या एकाही पाकिटावर तिने तिथी लिहिली नव्हती. घरात कोणी तिथीने वाढदिवस सांगितला की ती हसून विचारायची, बरं, आणि तारीख?

तिथी तिने लिहिली नव्हती. शितं तिने लावली नव्हती.

मग त्याचा विचार बुटांपाशी आला. गेल्या उन्हाळ्याआधी दहा वर्षं तो संध्याकाळी तिचे रबरी बूट धुवायचा आणि चिखल गुडघ्यापर्यंत असायचा. पट्टीकडे जाताना माणूस नडगीच्या वर रुततो, त्याला इलाज नाही. गेल्या उन्हाळ्यात चिखल घोट्याच्या वर कधी नव्हता. घोट्याएवढा चिखल बेटावर एकाच ठिकाणी असतो. बांधाच्या दारापाशी, मिठागराच्या जुन्या खोपीसमोर.

सगळा उन्हाळा ते बूट त्याच्या हातात होते. दुसऱ्याच्या घरातले बूट असते तर पहिल्याच दिवशी त्याने विचारलं असतं.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी धक्क्यावरच्या तिकिटाच्या खोलीत नामगुंग आणि योम, दोघेही शेगडीला हात शेकत बसले होते. इल्दोने पुस्तक आणि पाकिटं मध्ये ठेवली आणि जेवढं सांगायचं तेवढं सांगितलं. नामगुंगने एकेक तारीख स्वतः ताडून बघितली. शेवटच्या पाकिटापर्यंत आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

"माझी आजी तिथीने चालायची," तो म्हणाला. "मला सुचायला हवं होतं. पण काकू दहा वर्षं तारीख लिहीत होत्या."

"त्याचं नंतर बोलू. आधी नायट्रोजन." इल्दो योमकडे वळला. "जोंगथेक, पाच तळ्यांचं पाणी एका दिवसात कुठे गेलं?"

"कुठे म्हणजे? खड्ड्यात. औषध मारून. कागद आहेत माझ्याकडे."

"पाच तळी मावतील असा खड्डा बेटावर कुठाय, दाखव मला. मी पण चालतो तुझ्यासोबत."

योमने हात शेगडीवरून मागे घेतले. शेगडीवर किटली वाजत होती.

"माझ्या बोटीची जाळी दोन दिवस तुंबली होती," इल्दो म्हणाला. "मेलेली कोळंबी, खाद्य, तळाचा गाळ, सगळं चिखलात गेलं. ऑगस्टमध्ये. वाकचोचे तेव्हा तिथेच होते, पिसं काढत. त्यांनी तेच खाल्लं. ती पिसं त्यांनी गेल्या उन्हाळ्यात टाकली."

नामगुंग हळूहळू सरळ बसला. "म्हणजे आकडा वर गेला म्हणून पिसं परकी नाहीत. आकडा वर गेला म्हणूनच ती इथली आहेत. त्या एका वर्षीची, आणि याच चिखलातली." तो योमकडे वळला. "हे खरं असेल तर त्या वर्षीचा गाळ अजून खाली थरात असेल. मी खणून नेऊ शकतो."

"नका खणू," योम म्हणाला. "दार मी उघडलं. दुसरं काय करणार होतो? एक तळं वाचवता आलं असतं तर बघितलं असतं." मग इल्दोकडे न बघता, "वहिनींच्या नावाला धक्का लागावा असं मला वाटत नव्हतं, हवालदार. पक्ष्याच्या अंगावर ते लिहून राहील, हे कोणाला ठाऊक होतं?"

तो गेल्यावर नामगुंगने पाकिटं गोळा केली. मग हात थांबवून म्हणाला, "एक राहिलं. लिहिलं कोणी? पाकिटावर शिक्का काकूंचा आहे. पिसं उचलणाऱ्याचाच शिक्का हवा, असा नियम आहे. सुनावणीत कोणीतरी विचारणारच. नुसतं ‘तिथी आहे’ म्हणून भागायचं नाही. ज्याने लिहिलं तो माणूस हवा."

"आणि तो मिळाला तर?"

"तर नऊ पाकिटांवरून काकूंचं नाव काढावं लागेल. शिक्का चुकीचा मारला, एवढी नोंद राहील. पण दहा वर्षं शाबूत राहतील."

"बोटीला किती वेळ आहे?"

"पाऊण तास."

७

बोंगिमच्या दाराचा कागद वाळून ताणला होता. कडेला, चौकटीला लागून, शितं पांढरी दिसत होती. इल्दोने त्यांवरून बोट फिरवलं आणि काही विचारलं नाही. ती आतून आली, त्याच्या बोटाकडे बघितलं आणि उंबऱ्यावर बसली.

"डिंकाची बाटली तिच्याकडे राहायची," ती म्हणाली. "मी शितंच लावली. चिकटतात की."

"पट्टीवर तू जायचीस."

"फळीवरून मला काय, खाडी म्हणजे अंगण. तिला खोपीपर्यंतसुद्धा दोनदा बसावं लागायचं. पहिल्या दिवशी म्हणाली, अक्का, आज तू जा, उद्या मी जाईन. उद्या आला नाही तो. पिसं मी आणायचे, पाकीट मी भरायचे, ती शिक्का मारायची. आकडे मीच घातले. तिचा हात थरथरायचा ना. तिने बघितले होते आकडे. काही बोलली नाही. तिला वाटलं असेल, मास्तर लावेल अर्थ." ती पदराखाली हात लपवल्यासारखे बाह्यांत घालून बसली. "शपथ घातली होती तिने. तुला सांगायचं नाही म्हणून. काल तोंडावर खोटं बोलले मी तुझ्या."

"चल धक्क्यावर. मास्तरला सांगावं लागेल."

"तिचं नाव पुसणार का?"

"नऊ पाकिटांवरून."

"मग नाही येत मी. माझं नाव कशाला हवंय कोणाला? शिंपल्यांच्या यादीतसुद्धा नवऱ्याचंच नाव चालतं अजून."

"अक्का, नऊवर तिचं नाव ठेवलं तर मागच्या दहा वर्षांच्या एकशे बारा पाकिटांवरून जाईल. आणि चिखलही जाईल."

बोंगिमने थोडा वेळ बांधाकडे बघितलं. मग चपला शोधू लागली.

धक्क्यावर तिने नामगुंगच्या कागदावर आपलं नाव लिहिलं. अक्षराला अक्षर न चिकटवता, जीभ दातांत धरून. तो म्हणाला, सुन्ये-काकू तेव्हा कुठे होत्या, तेही लिहावं लागेल. इल्दोने कागद आपल्याकडे ओढला आणि स्वतः लिहिलं, मिठागराच्या खोपीत, आजारी, चालता येत नव्हतं. खाली सही केली. नामगुंगने त्याला कमरेत वाकून नमस्कार केला आणि बोटीवर चढला.

बोट निघाली. दोघं बांधावरून परत चालू लागले. ओहोटी होती. चिखल क्षितिजापर्यंत उघडा पडला होता आणि त्यावर या दिवसांत एकही पक्षी नव्हता.

"ती तिथे काय करायची?" इल्दोने विचारलं. "तू येईपर्यंत."

"बसायची. तुझी बोट दिसते तिथून. टोकाला वळसा घालून आली की मला हाक मारायची, अक्का, आला, बूट बुडव. मग मी तिचे बूट खोपीसमोर बुडवून आणायचे. फार हसायची तेव्हा."

"मला का नाही सांगितलं तिने?"

"तू तिला दुसऱ्या दिवशीच्या बोटीने मोठ्या इस्पितळात नेलं असतंस."

"नेलं असतं."

"मग. तिला इथेच राहायचं होतं." बोंगिम थोडी दम खायला थांबली. "पण तुला एक सांगू का? तिचं म्हणणं, तुला कळलेलंच आहे. मी म्हणायचे, हवालदारला संशय आला तर? तर म्हणायची, अगं, त्याला पहिल्यापासून ठाऊक आहे. दर वर्षी घरी आल्या आल्या विचारायचा, आज किती पक्षी, किती पिसं. यंदा एकदाही विचारलं नाही. मला खोटं बोलावं लागू नये म्हणून विचारत नाही, म्हणायची. शेवटच्या आठवड्यातसुद्धा मला म्हणाली. एवढं जाणणारा माणूस कोणाला मिळतो, म्हणाली."

गेल्या उन्हाळ्यात मासळी भरपूर होती. इल्दो घरी यायचा, बूट धुवायचा, जेवायचा आणि ताटावरच डुलक्या घ्यायचा. किती पक्षी, हे विचारायचं त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. एवढंच होतं ते.

बोंगिम त्याच्या तोंडाकडे बघत होती. तिचे डोळे वाऱ्याने पाणावलेले होते.

"कळलं होतं ना रे तुला?"

एकतीस वर्षं त्याने लोकांची खोटी उत्तरं ऐकली होती. उत्तराच्या आधी माणूस जरासा थांबतो, त्यावरून ती तो ओळखायचा. तो थांबला नाही.

"हो," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून."